जरा सरकून बसा

शुक्रवार, १७ जानेवारी

पोचलो एकदाच्या! चौघींचे गुडघे अजून वाटेतच आहेत असं नर्सबाई म्हणते, पण बाकीच्या आम्ही समुद्रावर सुखरूप आलो आहोत. तंबूच्या दाराशी पालथी बादली ठेवून त्यावर बसून हे लिहिते आहे. समोर वाळू, वाळूपलीकडे पाणी, आणि पाण्यात लांबवर तीन बेटं. कुणीतरी खोडरबराने पुसायला घेऊन मध्येच सोडून दिल्यासारखी दिसतात.

ही सहल शोधली मॉनिटरने. शुक्रवार ते रविवार, तंबूत मुक्काम, होडीतून बेटं, चहा-नाश्ता धरून, आणि इतक्या स्वस्तात की आम्हाला आधी लबाडीच वाटली. मॉनिटरचं म्हणणं, स्वस्त आहे कारण न्हाणीघर लांब आहे आणि गाद्या पातळ आहेत, आणि बोर्डिंगात आपण याहून पातळ गाद्यांवर वाढलोय, तेव्हा नखरे नकोत. ती आमच्या वर्गाची मॉनिटर होती. पुढे टपाल खात्यातून निवृत्त झाली, मॉनिटरपणातून नाही. बसमध्ये खिडकी कुणाला आणि किती वेळ, हेसुद्धा तिने ठरवून टाकलं होतं.

नर्सबाईची सगळी उमर वॉर्डात गेली. अजूनही कुणी शिंकलं तर तिचा हात आपोआप त्याच्या मनगटाकडे जातो. बसमध्ये चढताना ती पायरीवर अडकली तेव्हा म्हणाली, आता मला मागून ढकला नाहीतर पुढून ओढा, पण भाषण नको. मला या सगळ्या शाई म्हणतात. शाळेत माझी बोटं कायम निळी असायची.

आणि चिमणी. वर्गात सगळ्यांत लहानखुरी, म्हणून पहिल्या बाकावर, माझ्या शेजारी. गेल्या वर्षी तिचे मिस्टर गेले आणि ही जणू आवाज बंद केलेल्या रेडिओसारखी झाली. दिवा लागलेला दिसतो, बोलत काही नाही. निघायच्या आधी तिच्या मुलाचा मला फोन आला. मावशी, आई तुझ्या भरवशावर येते आहे, एकदा तरी हसव तिला. मी त्याला म्हटलं, जशी नेते आहे तशी आणून देईन, आणि वर हसरी करून देईन. बोलून गेले खरी. आता ते निभावायला हवं.

पण संध्याकाळच्या चहालाच काम झालं! तंबूवाल्या बाईने वाळूत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. आम्ही बसलो, आणि ती हातात कप घेऊन आमच्याकडे बघतच राहिली. मग जरा ओशाळून विचारलं, खुर्च्या मोडक्या आहेत का? सगळ्याजणी अशा कडेला का बसलात? आम्ही एकमेकींकडे पाहिलं. खरंच की! चौघीही खुर्चीच्या उजव्या अर्ध्या भागावर, ताठ, गुडघे जुळवून.

आमच्या कॉन्व्हेंटातल्या बालवर्गाच्या बुटक्या सिस्टरची ही शिकवण. प्रत्येक मुलीच्या डाव्या हाताला तिचा राखणदार देवदूत असतो. तो बिचारा दिवसभर उभा राहून दमतो. म्हणून मुलींनी अर्ध्याच खुर्चीवर बसायचं, उरलेली अर्धी त्याला. वर्गातून फिरता फिरता ती पट्टीच्या टोकाने हलकेच खांद्याला शिवायची आणि म्हणायची, जरा सरकून बसा, जागा ठेवली की तो येतो. मेणबत्त्यांचा आणि ओल्या फरशीचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. चॅपल सुटलं, जपमाळा कुठेतरी हरवल्या, लग्नं झाली, माझं राहिलं, पण बसणं काही सुटलं नाही. पुढे ऑफिसात माझा साहेब मला म्हणायचा, बाई, खुर्ची सरकारी आहे, पूर्ण वापरा.

हे सगळं तंबूवालीला सांगता सांगता चिमणीला हसू फुटलं. आधी रुमालात, मग रुमालाबाहेर. म्हणाली, मी तर पलंगावरही अर्ध्यातच झोपते गं, आता पलीकडे कोणी नसलं तरी. आणि मग हसणं थांबलं. पण हसली, ते मी पाहिलं. मुलाला लगेच फोन करून सांगितलं.

एका तंबूत मॉनिटर आणि नर्सबाई, एकात मी आणि चिमणी. उद्या बेटं. मला शाळेच्या सहलीच्या आदल्या रात्रीसारखं वाटतं आहे.


शनिवार, १८ जानेवारी

दुपार. बेटांवरून परत आलो. बाकीच्या आडव्या झाल्यात. ऊन इतकं लख्ख आहे की कागदावर डोळे ठरत नाहीत.

सकाळी होडीपाशीच एक चकमक झाली. होडीत आडव्या फळ्या आहेत, त्यांवर बसायचं. आम्ही चौघीच, म्हणून बरीच जागा रिकामी राहत होती. होडीवाल्याने जिथे जिथे जागा रिकामी, तिथे तिथे वाळूच्या ओल्या गोण्या आणून ठेवल्या. एका फळीवर तर दोराचं वेटोळं ठेवलं, नुसतं, वजन नसलेलं. मॉनिटरने विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, तोल राहतो. दोराने कसला तोल राहतो बाबा? त्यावर त्याने खांदे उडवले. वडील ठेवायचे म्हणून तो ठेवतो, विचारलं कधीच नाही. मॉनिटर ऐकतेय थोडीच. आमचे कपडे खराब होतील, आणि वजनच हवं असेल तर आमची नर्सबाई आहे, पैसे न घेता. नर्सबाईने तिला कोपरखळी मारली. होडीवाला हसला, आणि एकेक गोणी उचलून वाळूत टाकून मोकळा झाला. दोरही टाकला.

आणि आम्ही बसलो. आपल्या सवयीने, अर्ध्या जागेवर.

पहिलं बेट म्हणजे नुसते शिंपले. चिमणीने ओंजळभर वेचले. दुसऱ्या बेटावर मात्र काहीच नाही, उघडा काळा खडक, झाड नाही, पक्षी नाही. फक्त एका बाजूला दगडी पायऱ्या. खडकावरून खाली पाण्यात उतरतात, आणि पाण्याखालीही जात राहतात, नितळ पाण्यात बऱ्याच खोलपर्यंत दिसतात. कुणी बांधल्या, होडीवाल्याला ठाऊक नाही. मला त्यात एक विचित्र दिसलं. पायऱ्या एकाच बाजूला झिजल्या आहेत. उजवा अर्धा भाग पावलांनी पार वाटीसारखा झालाय, आणि डावा अर्धा काल घडवल्यासारखा धारदार. नर्सबाई म्हणाली, लोक भिंतीच्या कडेने उतरत असतील. पण तिथे भिंत नाही.

त्याच पायऱ्यांवर बसून आम्ही ब्रेड आणि उकडलेली अंडी खाल्ली. चिमणी सगळ्यांत खालच्या कोरड्या पायरीवर होती, पाय पाण्यात सोडून. कशावरून तरी कालचा विषय निघाला आणि तिने आपल्या डावीकडच्या दगडावर हात थोपटून म्हटलं, ये रे बाबा, बैस. केव्हाचा उभा आहेस.

आम्ही हसलो. मी सगळ्यांत जास्त हसले. पण तिने ते कशा आवाजात म्हटलं, ते आता बसल्या बसल्या आठवतं आहे. मिस्टर कामावरून उशिरा आले की ती त्यांना याच आवाजात बसा म्हणत खुर्ची पुढे करायची.

परतताना होडी चिमणीच्या बाजूला कलली. होडीवाल्याने आधी नर्सबाईला पलीकडे बसवलं, मग मॉनिटरलाही. तरी कललेलीच. तो पुटपुटला, येताना तर नीट होती. मॉनिटरने विनोद केला की चिमणीने अंडी जास्त खाल्ली. तिसरं बेट राहिलंच, होडीवाल्याने नेलं नाही. वारा फिरलाय म्हणाला. वारा मला तरी कळला नाही.

एक लिहून ठेवते. उतरताना पाहिलं, चिमणीच्या डावीकडची फळी ओली होती. तुषारांनी ठिपके पडतात तशी नाही. माणूस ओल्या कपड्यांनी बसून उठला की जशी उमटते, तशी.

चिमणी खुशीत आहे. गालांवर रंग आलाय. गुणगुणतेय. देवा, असंच राहू दे.


रविवार, १९ जानेवारी. सकाळ

झोप गाढ लागली. उजाडताना थंडीने जाग आली तेव्हा मी तंबूच्या एका कडेला कापडाला चिकटून होते आणि चिमणी दुसऱ्या कडेला, कापडात चेहरा दाबून. मधली सगळी गादी रिकामी. हात लावला तर चिंब. बोट जिभेला लावलं, खारट.

तंबूवाली म्हणते, पाऊस नाही, दव असं पडत नाही, आणि भरती इतक्या वर येत नाही. तिने गादी उन्हात टाकली आणि हळूच नर्सबाईला विचारलं की तुमच्यातल्या कुणाला काही त्रास आहे का, लाजू नका. नर्सबाईला हसू आवरेना. मलाही यायला हवं होतं.

चिमणी नाश्त्याला खुर्चीच्या अगदी काठावर बसली आहे. अर्ध्यावर नाही. चार बोटं जागेवर. मी म्हटलं, नीट बैस, पडशील. म्हणाली, त्याला ऐसपैस लागतं.

मी विचारलं, कुणाला? तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी वर्गात झोपले होते आणि धडा पुढे गेला होता.


रविवार, रात्री घरी पोचल्यावर

क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

निघायच्या आधी चौघी किनाऱ्यावरच्या लाकडी बाकावर बसलो होतो. चिमणी बाकाच्या टोकाला, तिच्या आणि माझ्यामध्ये जागा. मला एकाएकी राग आला. तिच्यावर नाही, त्या जागेवर. पोरीचं हसू मी परत आणलं होतं आणि ते कुणीतरी मध्ये बसून घेत होतं. मी सरकले आणि तिथे बसले. पूर्ण. पाठ टेकून.

खाली लाकूड लागलं नाही. मांडी लागली. दोन गुडघे, थंडगार, माझ्या गुडघ्यांच्या खाली. लहानपणी बसमध्ये गर्दीत अनोळखी बाईच्या मांडीवर बसवायचे, तसं. आणि ती मांडी मला सावरून घ्यायला जराशी हलली.

मी उठले. ओरडले नाही, आम्हाला ओरडायला शिकवलेलंच नाही. माझा झगा मागून चिंब झाला होता. चिमणी शांतपणे म्हणाली, शाई, त्याला विचारून तरी बसायचंस.

बसमध्ये चिमणी खिडकीशी, मी टोकाला, आणि मधली सीट मी रिकामी ठेवली. हो, मीच ठेवली. गर्दी होती. एक गृहस्थ पिशवी घेऊन आले, म्हणाले, बाई, जरा सरकता का, आणि थांबले नाहीत, बसले. लगेच उठले. त्यांनी कुणाकडेही पाहिलं नाही. उभे राहिले, पँट मागून ओली, आणि पुढच्या थांब्यावर उतरून गेले. तो थांबा कशाचाच नव्हता. दोन्ही बाजूंना नुसती शेतं.

मॉनिटरने हे पाहिलं. तिने सगळ्या वाटेत कुणालाही काही सांगितलं नाही, हेच मला सगळ्यात भयंकर वाटलं.


सोमवार, २० जानेवारी

चिमणीच्या घरी आले आहे. तिचा मुलगा कामासाठी परगावी, गुरुवारी येईल. फोनवर आनंदात होता. मावशी, आईचा आवाज किती बदललाय, जादू केलीस! मी हो म्हटलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ उभी राहिले.

ती खरंच आनंदात आहे. हे लिहायलाच हवं. ती दुःखी असती तर मला लढायला सोपं गेलं असतं. ती स्वयंपाकघरात येते ती दाराच्या चौकटीला अंग घासत, एका कडेने, म्हणजे दोघांना जाता यावं. ताटात वाढून घेते आणि अर्धं ठेवते. कपाटात सगळे कपडे एका बाजूला लोटलेत. मी विचारलं की ते तुझे मिस्टर आहेत असं वाटतं का तुला. ती विचार करून म्हणाली, नाही, ते घोरायचे. हा बोलत नाही, घोरत नाही. फक्त बसतो. पण किती दिवसांनी कुणीतरी बसलंय गं माझ्या शेजारी.

मी तिच्याशी भांडले. म्हटलं, मी बसते की. आयुष्यभर बसते तुझ्या शेजारी, उठ म्हणशील तोवर. ती हसली आणि माझा गाल थोपटला. तिचा हात मिठासारखा कोरडा आणि थंड होता.


मंगळवार, २१ जानेवारी

आता ती बोलण्यातही जागा सोडते. वाक्य अर्ध्यावर आणते आणि थांबते, डावीकडे मान किंचित कलवून, उरलेलं कुणीतरी बोलेल म्हणून. आणि मग मान डोलावते.

नर्सबाईला बोलावलं. ती वाटेवरच विनोद करत आली आणि चिमणीला पाहताच तिचं मनगट धरलं. नाडी पाहिली. मग छातीला नळी लावली. एका बाजूला, मग दुसऱ्या. पुन्हा पहिल्या. मला स्वयंपाकघरात ओढून नेलं. म्हणाली, श्वास अर्धाच घेते ही. उजवीकडे ठीक. डावीकडे— तिने इतकी वर्षं हजारो छात्या ऐकल्या आणि तिला शब्द सापडेना. शेवटी म्हणाली, शिंपला कानाला लावल्यासारखं.

डॉक्टरांकडे नेलं. छातीचा एक्स-रे फोटो काढला. फोटो स्वच्छ आहे. वयाच्या मानाने उत्तम, असं म्हणाले.

आम्ही दोघी जिन्यात बसून रडलो. नर्सबाई म्हणाली, आधी खुर्ची दिली, मग पलंग, आता ही स्वतःच सरकते आहे. आतल्या आत. अजून किती सरकेल? सरकायला काही उरलं पाहिजे ना माणसाचं.

आणि बसल्या जागी आमच्या लक्षात आलं. त्या अरुंद पायरीवरसुद्धा आम्ही दोघी उजव्या कडेला होतो.


बुधवार, २२ जानेवारी

होडीवाल्याच्या गोण्या आठवल्या.

मॉनिटर सकाळीच आली. आम्ही तिघींनी घरात एक जागा रिकामी ठेवली नाही. खुर्च्यांवर पुस्तकांचे गठ्ठे, सोफ्यावर तांदळाचं पोतं, पलंगाच्या दुसऱ्या अर्ध्यावर सुटकेसा. खिडकीच्या कट्ट्यावर डबे. मॉनिटर हुकूम सोडत होती. सोफ्यावर बसलेल्या चिमणीच्या दोन्ही बाजूंना उशा कोंबल्या. ती मुसमुसत म्हणाली, उभं ठेवलंत ना त्याला.

तासभर काही नाही. आम्ही चहासुद्धा केला.

मग घरात कुठेतरी पाणी निथळायला लागलं. नळ बंद होते. निथळणं खोलीतून फिरत होतं. खुर्चीपाशी थांबायचं, मग पुढच्या. जागा शोधत असल्यासारखं. मग चिमणीपाशी येऊन थांबलं, आणि

तिने श्वास सोडला आणि परत घेतला नाही. कितीतरी वेळ. ओठ निळे. जागा करत होती. आत.

नर्सबाईने एका हाताने तिच्या पाठीत थापट्या मारल्या, दुसऱ्याने सोफ्यावरचं पोतं ढकलून दिलं. पोतं पडलं. सोफा दबला. चिमणीने श्वास घेतला. अर्धा.

मॉनिटर भिंतीशी खाली बसली. शाळेतसुद्धा कधी रडली नाही ती.


गुरुवार, २३ जानेवारी. पहाट सरून उजाडलं आहे

बुटक्या सिस्टरने आम्हाला जागा द्यायला शिकवलं. दिलेली जागा परत कशी मागायची, ते शिकवलं नाही. कुठल्या मुलीला सुचलंही नाही विचारायचं. देवदूताला कोण उठ म्हणणार.

पण एक तिने शिकवलं होतं. बाकावर दाटी झाली आणि शेजारणीला पडायला झालं, तर आपण सरकायचं. मुलीने मुलीसाठी सरकायचं.

मुलगा अकरापर्यंत येईल. मी त्याला शब्द दिलाय. जशी नेली तशी.


गुरुवार, दुपार

केलं.

तिच्या समोरच्या खुर्चीवरची पुस्तकं उचलली आणि बसले. उजव्या अर्ध्यात. डावीकडची जागा हाताने थोपटली आणि म्हटलं, ये, इकडे बैस. तिच्याकडे दाटी होते. माझ्याकडे कोणी नाही, कधीच नव्हतं, भरपूर जागा आहे.

थोडा वेळ काही नाही. मग सोफा हळूच वर आला. निथळणं खोली ओलांडून आलं. मी डोळे मिटले नाहीत. दिसलं काही नाही. खुर्ची दबली. दंडाला दंड लागला.

चिमणी खोल, भरून श्वास घेताना मी ऐकलं. तळापर्यंत. असा श्वास मी जन्मात ऐकला नव्हता. ती सोफ्यावर मागे टेकली, पूर्ण पाठ टेकून, आणि म्हणाली की ही पुस्तकं खुर्च्यांवर कुणी मांडली, आणि मला इतकी भूक का लागली आहे?

मुलगा आला. ती त्याला पाहून हसली. उशा, पोतं, सुटकेसा पाहून त्याने विचारलं, मावशी, घर आवरत होतात का पाडत होतात? चिमणी पोट धरून हसली. त्याने माझे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. जवळ बसायला आला, माझ्या डावीकडे. मी ओरडले त्याच्यावर. बिचारा चमकला.

टॅक्सीने घरी आले. टॅक्सीवाल्याने विचारलं, दोघींना कुठे सोडू— नाही, दोघांना म्हणाला. मी पत्ता सांगितला.


शुक्रवार, २४ जानेवारी

नर्सबाईचा फोन. चिमणीच्या दोन्ही बाजू स्वच्छ वाजतात. देवाचे उपकार. मला विचारलं, तू कशी आहेस? म्हटलं, दमले आहे. तिने येऊ का विचारलं. नको म्हटलं.

खरं सांगायचं तर तितकं वाईट नाही. चिमणीचं बरोबर होतं. इतकी वर्षं मी अर्धी खुर्ची राखली. आज पहिल्यांदा ती भरलेली आहे. संध्याकाळी खिडकीशी बसलो. दंडाला दंड. थंड. पण दंड.

ओरखडे नाहीत, दुखत नाही. फक्त

चहाचा कप अर्धाच भरला. न ठरवता.


रविवार

पलंगाच्या कडेवरून पडले. लागलं नाही. परत चढायला जागा नव्हती. जमिनीवर झोपले.

मॉनिटर दार वाजवत होती. तिला बाहेरूनच सांगितलं, खोकला आहे, तुलाही होईल. ती म्हणाली, खोटं बोलतेस, तुझ्या दाराखालून पाणी येतंय. हुकूम सोडला, दार उघड. मी पहिल्यांदाच तिचं ऐकलं नाही. तीसुद्धा सरकेल. ती माझ्यासाठी सरकेल, मला माहीत आहे. मग नर्सबाई तिच्यासाठी. मग फिरून चिमणी.

नाही. रांग माझ्यापाशी थांबते.


मंगळवार असावा

श्वास पुरत नाही— लिहायला नाही, जिना— कुठला जिना. पायऱ्या. डोळे मिटले की त्या दिसतात, पाण्याखालच्या. आता कळतं डावा अर्धा का झिजला नाही. तो चालत नाही. बसून असतो. वर कुणीतरी येऊन हात थोपटेपर्यंत—

चिमणीचा फोन. उचलला नाही. हसत असेल. ऐकलं असतं तर बरं वाटलं असतं. पण मग मी ये म्हटलं असतं.


आत्ता

मागची पानं चाळली. सहलीच्या शुक्रवारची पानं भरून लिहिली आहेत, काठापासून काठापर्यंत. नंतर डावीकडचा समास रुंद होत गेलाय. रोज थोडा. ही ओळ पानाच्या उजव्या कडेला आहे, चार बोटं जागेत. डावा सगळा कागद ओला. शाई तिकडे पसरते आहे.

मॉनिटर, तू हे वाचशील. दार फोडशीलच तू. खोलीत आलात की कुठेही बसू नका. उभ्या राहा. आणि कृपा करून नीट, मधोमध, दोन्ही पायांवर— कुणालाही जागा

दंड सरकतो आहे. तो काही बोलत नाही, चिमणी म्हणाली होती. पण आता खांद्याला काहीतरी हलकेच शिवलं. पट्टीच्या टोकासारखं. आणि डाव्या कानाशी, अगदी प्रेमाने, जरा सर